विरजण, वात आणि द्राक्षाची फूट: विश्वासातली वाढ वस्तूंमधून शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकरोडच्या एका ख्रिस्ती मंडळीत संडे स्कूलला ७ ते १२ वयाची १४ मुलं आहेत, शिवाय बुधवारच्या घरप्रार्थनेला मोठी माणसं येतात. वस्तू दाखवून शिकवलं की मुलं टाळ्या वाजवतात, पण पुढच्या रविवारी त्यांना फुगा आठवतो आणि वचन आठवत नाही. विश्वासात वाढ कशी होते हे शिकवायला रोजच्या वापरातल्या कोणत्या वस्तू घ्याव्यात, आणि त्या कशा वापराव्यात?

ताई, फुगा आठवतो कारण फुग्यात पाहण्यासारखं एकच असतं, तो फुटतो. दहा सेकंदांत संपणाऱ्या गोष्टीतून वाढ शिकवता येत नाही. त्यासाठी वस्तू अशी हवी की तिला वेळ लागतो, ती घरात किंवा शेतात रोज दिसते, आणि ती बिघडली तर का बिघडली हे आजीला किंवा शेतावरच्या काकांना नेमकं सांगता येतं. दहीहंडी फोडताना सगळे बघतात, दही लागताना कोणी बघत नाही. तुम्हाला मुलांना दुसरी गोष्ट बघायला लावायची आहे.

येशूचे दृष्टांत ऐकणाऱ्यांनी पेरणी, जाळी आणि पिठातलं खमीर रोज हाताळलेलं होतं. त्यामुळे दृष्टांतात काहीतरी वेगळं घडलं की ते त्यांना लगेच खटकायचं. आपल्या मुलाला गालील समुद्रावरचं जाळं समजावण्यातच दहा मिनिटं जातात आणि खटकण्याची जागा हातून निसटते. म्हणून मुद्दा वचनातला घ्या, वस्तू नाशिकची घ्या, आणि दोन्हींत जिथे फरक आहे तो लपवू नका.

वर्गातला वेळ एकूण पंधरा मिनिटांचा धरा. पहिली तीन मिनिटं वस्तू मुलांच्या हातात फिरू द्या. काही बोलू नका, फक्त "काय दिसतंय?" एवढंच विचारा. मग पाच मिनिटं प्रयोग किंवा निरीक्षण. त्यानंतर वचन वाचायचं, तेही तुम्ही नाही, मुलांपैकी कुणीतरी. शेवटी एक वाक्य. बहुतेक धडे इथेच घसरतात, कारण एका मोहरीच्या दाण्याचा आधी विश्वास होतो, मग देवाचं राज्य होतं, मग "लहान मूलही मोठी कामं करू शकतं" असा तिसरा अर्थ निघतो. एका वस्तूला एकच मुद्दा. दुसरा सुचला तर तो पुढच्या महिन्यासाठी वहीत लिहून ठेवा.

वयाचंही भान ठेवा. सात-आठ वर्षांचं मूल उपमा शब्दशः धरतं. "तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात" म्हटलं की एखादं हात चाटून पाहील, आणि त्यात त्याचं काही चुकलेलं नसतं. त्या मुलांना कृती करू द्या आणि साधं वाक्य द्या. दहाच्या पुढच्या मुलांना मात्र एक प्रश्न आवर्जून विचारा: "ही वस्तू कुठे जुळत नाही?" जुळणारं सगळी मुलं सांगतात. न जुळणारं सांगायला वचन पुन्हा वाचावं लागतं.

सुरुवात विरजणाने करा. वस्तू घरची आहे, खर्च अर्ध्या लिटर दुधाचा आहे, आणि बिघडण्याच्या तिन्ही तऱ्हा वर्गात दाखवता येतात.

हा धडा शनिवारी संध्याकाळी सहाला सुरू होतो. अर्धा लिटर दूध उकळा आणि तीन सारख्या वाट्यांत घाला, पण एकाच वेळी नको. उकळी आल्याबरोबर दुसऱ्या वाटीत दूध ओता आणि त्या कढत दुधातच अर्धा चमचा विरजण टाका. उरलेलं दूध कोमट होऊ द्या. करंगळी बुडवून शांतपणे दहापर्यंत मोजता आलं पाहिजे, म्हणजे अंदाजे ४० ते ४५ अंश. हे दूध पहिल्या आणि तिसऱ्या वाटीत घाला, प्रत्येकी अर्धा चमचा विरजण लावून एकदाच नीट ढवळा. पहिली वाटी झाकून ठेवा आणि विसरून जा. तिसरीला दर तासाने चमचा घाला, आणि पहाटे उठल्यावर आणखी एकदा.

सकाळी पहिल्या वाटीत दही असेल, वाटी तिरकी केली तरी न हलणारं. दुसरीत बहुतेक वेळा दूधच असेल, कारण विरजणातले जिवाणू कढत दुधात मेलेले असतात. तिसरीत फुटल्यासारखा चोथा आणि वर पाणी. तिन्ही वाट्या मुलांसमोर ठेवा. कोणत्या वाटीत काय चुकलं ते सांगू नका, त्यांना ओळखू द्या. घरात दही लावलेलं पाहिलेली दोन-तीन मुलं बरोबर सांगतात, आणि त्या दिवशी शिक्षक ती मुलं असतात.

मग मार्क ४:२६-२९ वाचा. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं रुजतं हे त्याला कळत नाही. मुद्दा एवढाच की वाढवणं देवाचं आणि झाकून ठेवण्याचा धीर आपला. मुलांना इथे थांबवा. बुधवारच्या बैठकीत पुढे जाता येईल. नुकत्याच विश्वासात आलेल्या माणसाला दर आठवड्याला "आता किती बदल झाला?" असं विचारणं म्हणजे तिसरी वाटी. पहिल्याच महिन्यात त्याच्यावर उपास, साक्ष, युवक संघ आणि गायनमंडळ असं सगळं टाकणं म्हणजे दुसरी. मोठी माणसं हे ऐकून हसतात आणि मग गप्प होतात, कारण प्रत्येकाने कधी ना कधी तो चमचा हातात धरलेला असतो.

डिसेंबर-जानेवारीत हाच प्रयोग फसतो. निफाडकडे पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, नाशिक शहरातही पहाट कडक असते. आठ तासांचं दही तेव्हा बारा तास घेतं. वाट्या तांदळाच्या किंवा पिठाच्या डब्यात खोचून ठेवा, किंवा जाड टॉवेलात गुंडाळा, आणि विरजण अर्ध्याऐवजी पाऊण चमचा घ्या. तरीही लागलं नाही तर न लागलेली वाटीच वर्गात न्या. थंडीत दही लागायला वेळ का लागतो यावर मुलं जास्त बोलतात.

वर्ग सुटताना प्रत्येकाला छोट्या डबीत चमचाभर विरजण द्या. शेजारच्यांकडून विरजण आणण्याची पद्धत घराघरांत आहे, त्यामुळे आईला चिठ्ठी लिहायची गरज पडत नाही. पुढच्या रविवारी विचारा, कुणाचं लागलं आणि कुणाचं नाही? त्यातून दुसरा धडा आपोआप निघतो. पहिलं विरजण कुणीच स्वतः करत नाही, ते कुणाच्या तरी आधीच्या दह्यातून येतं. तिथे २ तीमथ्य १:५ वाचा. तीमथ्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता.

मत्तय १३:३३ मध्ये शब्द खमिराचा आहे आणि तीन मापं पिठाचा. ती मापं साधारण ३५ ते ४० लिटरच्या घरात जातात, म्हणजे घरच्या भाकरीचं पीठ नव्हे, गावजेवणाचं. खमिराऐवजी विरजण घेतलंत तर तसं मुलांना सांगा. आणखी एक सांभाळा. पवित्र शास्त्रात खमीर वाईट अर्थानेही येतं, वल्हांडणाच्या बेखमीर भाकरीत आणि १ करिंथ ५ मध्ये. दोन्ही अर्थ एकाच दिवशी आणलेत की सगळा गोंधळ होतो.

आता द्राक्ष. दिंडोरी, पिंपळगाव, निफाडकडून येणारी मुलं वर्गात असतील तर योहान १५ मधली वेल आणि तिच्या फांद्या चित्रावरून शिकवायला जाऊ नका, ती तुमची चूक धरतील. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते आणि पीक एकदा येतं. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी होते. मागच्या हंगामाच्या काड्या तळाशी एक-दोन डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, ठेवून उडवतात आणि मांडवावर नुसते ओंडके दिसतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळासाठीची गोड छाटणी, आणि तिच्यानंतर साधारण चार महिन्यांनी घड काढणीला येतात. गालीलात अशी दुहेरी छाटणी नव्हती. तिथली वेल थंडीत झोपते आणि मुख्य छाटणी तेव्हाच होते. आपल्याकडे ती झोपत नाही म्हणून माणसाला तिला दोनदा थांबवावं लागतं. हे वर्गात सांगा, नाहीतर मुलं समजतील की प्रेषितांचीही बाग पिंपळगावलाच होती.

या दोन छाटण्यांमधला काळ वाढीच्या धड्यासाठी सोन्यासारखा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत दिसणारा घड ऑक्टोबरात ठरत नाही. तो आदल्या उन्हाळ्यात, खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात ठरतो. शेतकरी याला घडनिर्मिती म्हणतात. छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत त्या इवल्या डोळ्याच्या आत घडाचा अंश तयार होतो, बाहेरून काही दिसत नाही. त्या दिवसांत डोळ्यांवर ऊन पडलं पाहिजे. पानांची दाटी झाली, ढगाळ हवा लांबली, तर डोळे वांझ राहतात आणि ते कळतं चार-पाच महिन्यांनी, गोड छाटणीनंतर नुसता पाला फुटल्यावर. तेव्हा खत घालून उपयोग नसतो.

वर्गात हे दाखवायला एक काडी न्या, ब्लेडने डोळा उभा चिरा (मोठ्याने, मुलांच्या हाती नाही) आणि भिंग द्या. आत हिरवट, दाटीवाटीने मुडपलेली पानं दिसतील. घड दिसेलच असं नाही, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो, आणि शेतकरी त्यासाठी प्रयोगशाळेत काड्या तपासायला देतात. हे ऐकून मुलांचे डोळे मोठे होतात. गलती ५:२२-२३ मधल्या आत्म्याच्या फळात फळ हा शब्द एकवचनी आहे. नऊ गुण, फळ एक. परीक्षेच्या आठवड्यात दिसणारी सहनशीलता कुठल्या तरी साध्या, कंटाळवाण्या महिन्यात आत तयार झालेली असते. मोठ्यांसाठी हे पुरे आहे. मुलांना विचारा, "कुणाला दिसत नसताना तुम्ही रोज काय करता?" दात घासण्यापासून सुरुवात होईल. होऊ द्या.

दुसरा धडा "माझ्यामध्ये राहा" याचा. त्यासाठी हिरवी कोवळी फूट लागते. छाटणीनंतर डोळे फुटले की पंधरा दिवसांनी जादा फुटी काढून टाकतात. त्याला फुटव्यांची विरळणी म्हणतात आणि त्या फुटी बांधावर पडलेल्या असतात. मे महिन्यात एक फूट तोडून टेबलावर ठेवली तर वर्ग संपेपर्यंत पानं मान टाकतात. सुरुवातीला पान गालाला लावून पाहू द्या, शेवटी पुन्हा. शब्द फारसे लागत नाहीत.

इथे एक हमखास होणारी चूक. पुष्कळ शिक्षक पक्की, तपकिरी काडी आणतात, पाण्याच्या बाटलीत ठेवतात आणि "वेलीपासून तोडली की मरते" असं सांगतात. दोन आठवड्यांत त्या काडीला पानं फुटतात, कधी मुळंही. रोपवाटिकेत डॉगरिज या द्राक्षजातीचे खुंट (कलमाचा मुळाकडचा भाग) अशाच काड्यांपासून करतात आणि पुढे त्यावर कलम भरतात. मुलं बाटली दाखवून म्हणणार, "टीचर, ही तर जिवंत आहे." म्हणून पक्की काडी या धड्याला नको. चुकून आणलीत तर कबूल करा आणि कलमाकडे वळा. खुंट एकाचा, डोळा दुसऱ्याचा, आणि फळ डोळ्याच्या जातीचं. रोम ११ मधलं जैतुनाचं कलम याच्या उलट जातं, तिथे रानटी फांदी चांगल्या झाडावर लावलेली आहे. पौल स्वतःच म्हणतो की हे सृष्टिक्रमाविरुद्ध आहे. कलम बांधणाऱ्या गड्याला हे वचन एकदा वाचून दाखवा, त्याला गंमत पटकन कळते.

योहान १५:२ मध्ये छाटण्यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे त्याचा अर्थ स्वच्छ करणं असाही होतो, आणि लगेच पुढच्या वचनात शिष्यांना "शुद्ध" म्हणताना त्याच मुळाचा शब्द येतो. म्हणून मुलांना कात्रीचा धाक घालू नका. सहाव्या वचनातल्या, सुकलेल्या फांद्या जाळणाऱ्या आगीवर तर लहानांच्या वर्गात बोलूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातून भीती राहते, वेल राहत नाही.

वातीचा धडा सेवा करून थकलेल्या मोठ्यांसाठी राखून ठेवा. कापसाच्या दोन सारख्या वाती वळा. एक कोरडी, स्टीलच्या ताटलीत. दुसरी पणतीत, तेलात पाच मिनिटं मुरवलेली. दोन्ही एकदम पेटवा. कोरडी वात मोठ्या ज्योतीने भडकते, अर्ध्या मिनिटात तिची काळी राख होते आणि धूर सुटतो. पणतीतली ज्योत लहान असते, पण बैठक संपेपर्यंत टिकते. तेलातली वातही थोडी जळते, टोक काजळतं आणि ते मधूनमधून झाडावं लागतं. पण जळण्याचं मुख्य काम तेल करतं, वात ते फक्त वर ओढते. जखऱ्या ४:६ इथे थेट लागू होतं, कारण तिथे दीपवृक्ष, तेल आणि "माझ्या आत्म्याने" हे तिन्ही एकत्र आहेत. मत्तय २५ मधल्या दहा कुमारींच्या तेलाचा अर्थ मात्र दृष्टांतात सांगितलेला नाही. तिथे पवित्र आत्मा म्हणून ठोकून देऊ नका. पंखा बंद करा, ओढण्या आणि पदर आवरायला सांगा, बाजूला पाण्याचा तांब्या ठेवा.

मिठाचा प्रयोग फार थोडे जण नीट करतात. मुलांचा प्रश्न ठरलेला असतो: मीठ खारटपणा सोडतं कसं? शुद्ध मीठ सोडतच नाही. त्या काळातलं, विशेषतः मृत समुद्राकडचं मीठ इतर क्षारांत मिसळलेलं असे. ओल लागली की खरं मीठ विरघळून जाई आणि मागे पांढरा, बेचव चुरा राही. हे दाखवायला दोन चमचे बारीक मीठ आणि दोन चमचे तांदळाची धुतलेली, वाळवलेली बारीक कणी एकत्र करा. चिमूटभर चाखू द्या, खारट लागेल. मग मिश्रण पातळ सुती फडक्यात घेऊन त्यावरून पिण्याचं पाणी तीन ग्लास हळूहळू ओता. फडक्यात उरेल ते पांढरंच असेल. पुन्हा चाखा. दिसायला तेच, चव गेलेली. कणीऐवजी रांगोळी वापरायचा मोह होईल, कारण ती हुबेहूब मिठासारखी दिसते. पण ती दगडाची भुकटी आहे आणि मुलं चाखणार आहेत, म्हणून नको. मत्तय ५:१३ वाचल्यावर मुलांना एवढंच विचारा की वर्गातल्या मित्रांमध्ये मिसळायचं आणि विरघळून नाहीसं व्हायचं नाही, हे कसं जमेल. उत्तर देऊ नका. त्यांचीच उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

कांद्याचा धडा जून-जुलैत लावा. उन्हाळ कांदाच घ्या, लाल कांदा मुळातच टिकत नाही. पाच कांदे बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि पाच जाळीच्या पिशवीत खिडकीला टांगून ठेवा. दोन्हींत मध्ये एक किंचित मऊ पडलेला कांदा घाला. तीन आठवड्यांत प्लास्टिकला आतून घाम फुटतो, कांद्यांना कोंब येतात, मऊ कांदा शेजाऱ्यांना घेऊन सडतो, आणि वास असा सुटतो की वर्ग अंगणात भरवावा लागतो. लासलगावकडच्या कांदा साठवायच्या चाळींना खालून आणि बाजूंनी फटी ठेवतात त्या याचसाठी. वचन इब्री १२:१५, कडूपणाचं मूळ. हा मनात धरलेल्या रागाचा धडा आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट करा. नाहीतर मुलं वर्गातल्या एखाद्या खोडकर मुलालाच सडका कांदा ठरवतात आणि महिनाभर तेच नाव चालतं.

मोहरीबद्दल थोडंच. ओल्या कापसावर दोन-तीन दिवसांत रुजते. कापूस ओला हवा, पाण्यात बुडालेला नको, नाहीतर बी कुजतं. ती वडासारखी होते असं सांगू नका. त्या देशातली काळी मोहरी दोन-तीन मीटर वाढते, भाजीच्या वाफ्यात ती झाडासारखीच दिसते, आणि दृष्टांताला तेवढं पुरतं.

ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का हे पाहायचं दोरीला बांधलेलं वजन, बुधवारी काढा, गवंडीकाम करणारं कुणी ना कुणी मंडळीत असतंच. आमोस ७:७-८. गुटका, म्हणजे दोरी ओवलेला ठोकळा, भिंतीला वर टेकवायचा, वजन खाली सोडायचं, पंखा बंद करायचा, दोरी स्थिर होईपर्यंत थांबायचं. गुटक्याची रुंदी आणि वजनाचा व्यास सारखा असतो, म्हणून खाली वजन भिंतीला नुसतं शिवलं तर भिंत सरळ. फट दिसली किंवा वजन टेकून दोरी तिरकी झाली तर भिंत कललेली. ओळंबा भिंत सरळ करत नाही, फक्त दाखवतो. रोम ३:२० नियमशास्त्राबद्दल हेच म्हणतं. गवंड्याला विचारा, कललेली भिंत मग कशी नीट करतात? त्याच्या उत्तरात "पाडावी लागते" आलं की पुढची चर्चा तुम्हाला ओढावी लागणार नाही.

पैठणीचा मात्र सावधपणे उपयोग करा. "देव वरून सुंदर नक्षी पाहतो आणि आपल्याला खालून गुंतलेले धागे दिसतात" हे उदाहरण सगळीकडे चालतं, पण येवला आपल्याच जिल्ह्यात आहे. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा पदर उलट बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो. सुटे लोंबते धागे मागे दिसले तर ती बहुधा यंत्रमागावरची. म्हणजे आपल्याकडे ही वस्तू दुसराच धडा देते, आत-बाहेर सारखं असण्याचा. मत्तय २३:२७-२८ च्या शेजारी ती छान बसते.

काही गोष्टी सरळ टाळा. चाळिसाव्या वर्षी डोंगरावर जाऊन चोच दगडावर आपटून नवी करणारा गरुड व्हॉट्सअॅपवरच राहतो. चोच तुटलेला गरुड उपाशी मरेल. यशया ४०:३१ ला त्या गोष्टीची गरज नाही. हळूहळू तापणाऱ्या पाण्यात बसून राहणारा बेडूकही खोटा, तो उडी मारतो. यरुशलेमेत "सुईचं नाक" नावाचं बुटकं दार होतं याला पुरावा नाही, आणि ते दार मानलं तर मार्क १०:२७ मधलं "माणसांना अशक्य" हे शब्द उगाचच ठरतात. मुलं मोठी होऊन मोबाइलवर हे शोधतात. एक उदाहरण खोटं निघालं की त्याच्या शेजारी शिकवलेल्या वचनावरही त्यांची शंका जाते.

काळ्या पाण्यात काहीतरी ओतून ते स्वच्छ करण्याचा "पाप धुतलं" हा प्रयोगही नको. मुलांना तुम्ही जादूगार वाटता, आणि ब्लीच व टॉयलेट क्लिनर चुकून एकत्र आले तर विषारी वायू सुटतो. मोबाइल चार्जरचं उदाहरण निरुपद्रवी आहे, पण त्यात देव भिंतीतलं सॉकेट होतो आणि प्रार्थना रात्रीची एक तार. वाढ त्यात कुठेच नाही, सकाळी पुन्हा तेवढेच १०० टक्के.

एक वस्तू मात्र नाशिकलाच मिळते आणि ती घरात आणता येत नाही: शरणपूर रोडची पाटी. यहोशवा ४ मध्ये यार्देनेतून बारा धोंडे उचलून उभे केले, ते पुढे मुलांनी "हे धोंडे कशाचे?" असं विचारावं म्हणून. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वसाहत. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट १८७३ मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूच्या वेळी आफ्रिकेत त्यांच्या तांड्यात होता. त्याने अंत्यविधीची प्रार्थना वाचली, झाडावर लिव्हिंग्स्टनचं नाव कोरलं, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तोही होता. मुलं त्या रस्त्याने रिक्षातून रोज जातात. पाटीपाशी थांबून त्यांनाच विचारा, "शरण" हा शब्द इथे का? उत्तर दिल्यावर आजीआजोबांकडून आपल्या घराण्यात विश्वास कसा आला हे विचारून आणायला सांगा. बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत घरी पाहुणे येतात, तेव्हा हा गृहपाठ चांगला होतो.

वर्षाचा क्रम ठरवताना द्राक्षाच्या वेळा आधी लिहा, बाकीचं त्याभोवती बसतं. काडी चिरायची तर गोड छाटणीच्या आठवड्यात, कोवळी फूट हवी तर खरड छाटणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी किंवा गोड छाटणीनंतर दिवाळीच्या आगेमागे. कांदा पावसाळ्यात, विरजण उन्हाळ्यात सोपं, वात आणि ओळंबा कधीही. बागेत जाण्याआधी मालकाला फोन करून दोन गोष्टी विचारा: विरळणी कधी आहे आणि शेवटची फवारणी कधी झाली. डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी बागेत वारंवार औषध मारावं लागतं. मालक "आज नको" म्हणाला तर आग्रह धरू नका, धडा पुढच्या आठवड्यावर टाका. आणलेली पानं धुऊन घ्या, मुलांना ती तोंडात घालू देऊ नका, हात धुवायला साबण ठेवा. आणि फूट तोडायची ती वर्गाच्या अर्धा तास आधी, ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची. सकाळीच तोडून नुसती पिशवीत टाकलीत तर धडा दिंडोरी रोडवरच होऊन जातो.